टोपी उतरवली की जेवण

ती घटना विसरायचं ठरवलं तरी आमच्या बैठकीतलं कपाट विसरू देत नाही. त्यात कायद्याची पुस्तकं खालच्या कप्प्यात आहेत आणि कुत्र्यांची वरच्या. घरात कुत्रं नाही, कधी नव्हतं. पाहुण्यांनी विचारलं की आमची सौभाग्यवती सांगते, "यांना कुत्रं पाळायची परवानगी मी दिली नाही, वाचायची दिली."

नोकरीच्या मधल्या काळात मी अमरावतीला श्वान पथकाचा प्रभारी फौजदार होतो. ही जागा कर्तबगारीने मिळाली असा माझा काही दिवस समज होता. पुढे कळलं की ती कोणालाच नको होती. त्यात मी कुत्र्यांना घाबरणारा. चांदूर रेल्वेला शाळेत असताना कुत्रं मागे लागलं की मी मालगाडीच्या डब्यावर चढत असे. आता सरकारने कुत्री माझ्याच हाताखाली दिली. भीती घालवायला मी पुस्तकं धरली.

ही पुस्तकं मिळायची अकोल्यात, बसस्टँडजवळच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात. दुकानदार चाचा पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. मी दिसलो की म्हणायचे, "आओ साब, तुमच्या बिमारीची नवी दवा आली." कुत्र्यांना शिस्त कशी लावावी, वास कसा शिकवावा, सगळं इंग्रजीत. एका पुस्तकात कुत्र्याला बर्फात कसं चालवावं यावर अख्खं प्रकरण होतं. अमरावतीच्या मे महिन्यात, पंख्याखाली बसून, मी ते मनापासून वाचलं.

पथकात एक हवालदार होता आणि त्याची मैना. माणसांची नावं मी इथे लिहिणार नाही; मैनेचं लिहितो, तिची हरकत नसावी. काळी डॉबरमन, कपाळावर सतत आठ्या, एखाद्या कडक हेडमास्तरीणबाईसारखी. हवालदार बोलायला तिखट, अंगावरच्या गणवेशाला सुरकुती पडू न देणारा. दुपारी पथकाच्या व्हरांड्यात मी पुस्तक वाचून मराठीत सांगायचो आणि तो मैनेवर प्रयोग करायचा. इंग्रजी माझं, हिंमत त्याची. मैना आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहायची. माझ्याकडे पाहताना थोडी कीव असायची.

त्यांतल्या एका जाड पुस्तकात एक प्रकरण होतं, अनोळखी हातचं अन्न नाकारायला शिकवण्याचं. गुन्हेगार कुत्र्याला विष घालतात, म्हणून पोलिसांच्या कुत्र्याने फक्त आपल्या माणसाची खूण मिळाली तरच खायचं. खूण ज्याची त्याने ठरवायची. हवालदाराने ठरवली ती अशी: ताट समोर ठेवायचं, डोक्यावरची टोपी उतरवून ताटाशेजारी जमिनीवर ठेवायची. म्हणजे ड्युटी संपली, आता जेव. टोपी डोक्यावर असेपर्यंत समोर मटण ठेवलं तरी मैना लाळ गाळत बसून राहायची, पण तोंड लावायची नाही. दुसऱ्या कोणी स्वतःची टोपी ठेवून पाहिली, तर ती टोपीचा वास घेऊन मान वळवायची. मीही एकदा प्रयत्न केला. ती माझ्या टोपीवर शिंकली.

त्याच पुस्तकात पुढे लिहिलं होतं की वय झालेल्या कुत्र्याची खूण हळूहळू दुसऱ्या हाताला द्यावी. मी ते वाचून दाखवलं तेव्हा हवालदाराने पुस्तकच मिटवलं. "हात बदलाचाच कायले, साहेब? मी काय कुठी चाल्लो?"

पुढे हवालदार आणि मैना बरोबरच निवृत्त झाले. रीतसर आदेश निघून मैना त्याला मिळाली आणि तो पातूरला आपल्या घरी राहायला गेला. माझीही बदली होत होत पातूर ठाण्यातच झाली. ते दिवस वऱ्हाडात वाईट होते. कापसाला भाव नाही, सोयाबीनचा भरवसा नाही, आणि शेतातून काहीही चोरीला जात होतं. विहिरीवरच्या मोटारी, पाइप, तारा, कापून रचलेल्या गंजी. सगळ्यांना राखणीला तयार कुत्रं हवं होतं. हवालदाराकडे आठवड्याला कोणी ना कोणी येई. हा त्यांना चहा पाजून मैनेची करामत दाखवी, अकोल्याच्या दुकानातल्या त्या जाड पुस्तकाचं कौतुक सांगे आणि शेवटी म्हणे, "विकाले नाई, पाहाले हाय."

एका सकाळी तो ठाण्यात आला. दाढी वाढलेली, शर्टाची गुंडी चुकीच्या काजात. त्या माणसाच्या शर्टावर मी पहिल्यांदा सुरकुती पाहिली.

"साहेब, मैना नेली कोनीतरी."

तो निवृत्तिवेतनाच्या कामाला अकोल्याला गेला होता. त्याची बायको मळणीयंत्रावर. शेजारणीने पाहिलं होतं. तिचा जबाब मी स्वतः घेतला.

"जीप आली जी. मागचं दार उघडलं. कुत्री उठली अन्‌ सोताच चढली. मले वाटलं तुमच्याच ठाण्याची गाडी. आवाज काहून देऊ?"

माझ्या हातातला पेन थांबला. पथकात असताना जीपचं मागचं दार उघडलं की मैना झोपेतून उठून उडी मारायची. कॉल आला म्हणजे गाडीत बसायचं, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. म्हातारपणी, अंगणात पडल्या पडल्या, तिने इतक्या दिवसांनी ते दार उघडल्याचं ऐकलं. तिला वाटलं असणार, बोलावणं आलं.

फिर्याद नोंदवताना ठाणे अंमलदाराने मालमत्तेच्या रकान्यात काय लिहायचं विचारलं. हवालदार खेकसला, "पोरगी लिही!" मग खाली बसला आणि हळूच म्हणाला, "साहेब, ते खानार नाई. टोपी माझ्याजोळ हाय."

मला त्या क्षणी वेळेची खरी जाणीव झाली. चोराने तिला कितीही सुखात ठेवलं, तरी ती भरल्या ताटासमोर उपाशी मरणार होती. पाणी मात्र ती कुठेही प्यायची, तेवढाच आधार.

पातूर, बाळापूर, सगळीकडे माणसं पाठवली. जीपवाले तपासले. हवालदाराला येऊन गेलेल्यांचे चेहरे आठवत होते, गावं आठवत नव्हती. तो रोज टोपी घेऊन ठाण्याच्या बाकावर येऊन बसायचा. त्याची बायको डबा घेऊन यायची. "त्या कुत्रीनं नाई खाल्लं मून तुमी बी नाई खानार काय? माया हातचं जेवन तिले तर कधी चाल्लंच नाई, आता तुमाले बी नाई?" असं बोलायची आणि पदराने डोळे पुसायची.

मग गुन्हे आढावा बैठकीसाठी मला अकोल्याला जावं लागलं. तिथे वरिष्ठांनी जे सुनवायचं ते सुनवलं. परतताना सवयीने चाचांच्या दुकानात शिरलो. चाचांनी चष्मा वर केला.

"साब, तुमचा जोडीदार आला होता की."

"कोण?"

"पहचान नाही. दर्यापूरकडचा वाटला. तेच कुत्तेवालं जाडं पुस्तक मागत होता. मी बोललो, अंग्रेजी में है, तुम्ही काय करणार? तो बोलला, पोराच्या मास्तराकडून वाचून घेईन. त्याला एकच बात पाहिजे होती. कुत्ता दुसऱ्याच्या हातचं खायला कसा लावायचा." चाचांनी पुस्तकांवरची धूळ झटकली. "इतकी उमर गेली, साब, ही किताब फक्त दोन आदमींनी मागितली. एक तुम्ही. मी बोललो, मंगवून ठेवतो, परवा या."

मी चाचांचे हात धरले. ते घाबरून म्हणाले, "साब, दाम में कमी नहीं होगी."

ठरल्या दिवशी दुकानात मी एक शिपाई बिनवर्दीत उभा केला. त्याला सूचना होती की गिऱ्हाईक म्हणून पुस्तकं चाळायची. तो एका रहस्यकथेत इतका बुडाला की आम्हाला हवा असलेला माणूस त्याला धक्का देऊन पुढे गेला तरी त्याला कळलं नाही. शेवटी चाचांनीच खोकून खोकून त्याला जागं केलं.

चौकशीसाठी आणलेला माणूस माझ्या वयाचा, नीटनेटका, हाताला शेतीचे घट्टे. त्याने सरळ नाकारलं. कुत्रं कसलं, जीप कसली, पुस्तक पाहुण्यासाठी हवं होतं. माझ्या माणसांनी आवाज चढवला, तो आणखी घट्ट झाला. आवाजाने घट्ट झालेला माणूस आणखी आवाजाने नरम पडल्याचं मी फारसं पाहिलं नाही. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि समोरच्या हॉटेलातून आलुबोंडे मागवले.

ताट त्याच्यासमोर ठेवलं. तो पाहत राहिला.

"खा."

तो हलला नाही.

"अरे खा ना बाबा. सकाळपासून काही नाही पोटात. काहून नाही खात?"

त्याने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम मोडला.

"साहेब, मी बी तिले असंच म्हनतो जी. हात जोडून म्हनतो. खा माय, खा. थे निस्ती पाह्यते."

मग सगळं बाहेर आलं. त्याची सोयाबीनची गंजी चोरीला गेली होती. तक्रार दिली, पुढे काही झालं नाही. "तुमाले चोर नाई सापडला, साहेब. मनलं, तुमचं कुत्रं तरी आपल्या वावरात ठेवू." कुत्री उपाशी राहू लागली तेव्हा परत नेऊन सोडावं असं त्याच्या बायकोने सांगितलं, पण पोलिसांच्या भीतीने त्याचा धीर झाला नाही. "आमच्या घरची बाई दोन दिवस जेवली नाई. मने, मुकं जनावर दारात उपाशी, मी कशी जेवू?"

मी आलुबोंड्यांकडे पाहिलं. तेही मग कोणी खाल्ले नाहीत.

दर्यापूरच्या ठाण्याला कळवून, पंच घेऊन आम्ही त्याच्या शेतावर गेलो. हवालदार जीपमध्ये माझ्या शेजारी. गोठ्याच्या सावलीत मैना पडली होती. फासळ्या मोजाव्यात अशी. तिच्याभोवती ताटल्या मांडल्या होत्या: दूध, भाकरी, मटणाचा रस्सा, एकीत पेढे. देवापुढे नैवेद्य मांडावा तसं. हवालदाराला पाहून तिने उठायचा प्रयत्न केला, पाय साथ देईनात, नुसती शेपटी जमिनीवर आपटली.

हवालदाराने डोक्याकडे हात नेला आणि तो थिजला. डोक्याला दुपट्टा होता. गडबडीत टोपी ठाण्याच्या बाकावर राहिली होती. इतके दिवस जी हातातून सुटली नव्हती, ती नेमकी त्या दिवशी.

मी माझी टोपी काढून त्याच्या हातात दिली.

"साहेब, हे अधिकाऱ्याची टोपी हाय. माया डोक्यावर चालत नाई."

"घाल म्हणतो ना!"

त्याने ती घातली. पाठ आपोआप ताठ झाली. माझ्या एका शिपायाचा हात सवयीने सॅल्यूटला उठला आणि अर्ध्यात थांबला. हवालदार मैनेसमोर मांडी घालून बसला, दुधाची ताटली पुढे सरकवली, मग टोपी उतरवली आणि हळूच ताटलीशेजारी मातीत ठेवली.

मैनेने टोपीचा वास घेतला. मला वाटलं, आता शिंकणार. तिने हवालदाराच्या तोंडाकडे पाहिलं, आणि जीभ दुधात घातली.

आरोपी भिंतीला टेकून तोंड झाकून रडत होता, त्याची बायको पदरात. मी पंचांना दम देत होतो, कारण नसताना.

कागदोपत्री मैना मुद्देमाल झाली. मुद्देमालाला लाखेचं सील लावायचं असतं. कुठे लावायचं यावर ठाण्यात बराच खल झाला. न्यायालयाच्या हुकमाने ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायच्या हमीवर, हवालदाराला मिळाली, आणि पुढे परवानगीने प्रकरण आपसात मिटलं. हवालदाराने अट घातली: आरोपीने गावातलंच एक पिल्लू घेऊन पातूरला यायचं. ते हवालदाराने तयार करून दिलं. शिकवताना आरोपीला इतक्या शिव्या दिल्या की शिक्षा झाली असती तर बरं, असं तो मला म्हणाला.

आणि हवालदाराने मला ते मिटवलेलं पुस्तक पुन्हा उघडायला लावलं. त्याच्या अंगणात बसून मी हात बदलण्याचं प्रकरण वाचून दाखवलं. त्याची बायको पदरावर टोपी घालायची, "ह्या वयात हे काय नाटक," म्हणायची, आणि उतरवून ताटाशेजारी ठेवायची. मैना आधी हवालदाराकडे पाहायची. तो मान हलवायचा. मग तो अंगणाच्या कडेला बसू लागला, मग घरात, मग बाहेर ओट्यावर. शेवटी ज्या दिवशी मैना त्याला न विचारता जेवली, त्या दिवशी तो मला म्हणाला, "झालं, साहेब," आणि तोंड फिरवून बिडी पेटवली.

तो आणि मैना, दोघांत तोच आधी गेला. मी भेटायला गेलो तेव्हा अंगणात त्याची बायको बसली होती. डोक्यावर टोपी. तिने ती काढून खाली ठेवली, मैनेने वास घेतला, दाराकडे एकदा पाहिलं, आणि जेवली. त्यानंतर मैना बरेच दिवस जगली.

या गुन्ह्याने मला शिकवलं ते एवढंच, की एखाद्याला आपल्याच हाताची सवय लावणं हे अर्धं शिक्षण. आपला हात नसताना कसं जेवायचं, हेही आपणच शिकवून जायचं असतं. पुस्तकात ते होतं. नोकरीच्या कुठल्या नियमात मात्र मला सापडलं नाही.

आता निवृत्त होऊन अमरावतीला घरासमोरच्या ओट्यावर मी संध्याकाळी बसतो. गल्लीत कधी एखादी जीप थांबते आणि तिचं मागचं दार खडखडत उघडतं. मी उठून उभा राहतो. कुठे जायचं असतं, ठाऊक नसतं.

आतून आमच्या सौभाग्यवतीचा आवाज येतो. "अहो, शेजाऱ्यांकडचे पाहुणे आहेत ते. या आता, ताट वाढलंय."

डोक्यावर काहीच नसतं. तरी मी हात वर नेतो, काहीतरी उतरवून ओट्यावर ठेवतो, आणि जेवायला आत जातो.