हद्दीचा दगड आणि अप्पांचं समन्स

आमच्या घरात लिंबू फक्त पोह्यांवर पिळतात. दाराला बांधत नाहीत की गाडीला लटकवत नाहीत. मी मूळची लोह्याची. वडील शाळामास्तर, अंगात आलेल्या बाईला गार पाणी पाजून घरी पाठवणारा माणूस, आणि मी त्यांचीच लेक. या ग्रुपवरचे तुमचे उलट्या पायांचे अनुभव मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवते आणि नवऱ्याला हसून हसून ठसका लागतो. आता हसायची पाळी तुमची. हसा बापडे...

मी कोर्टात बेलिफ आहे. म्हणजे समन्स आणि नोटिसा नेऊन माणसाच्या हातात देणारी. सध्या पोस्टिंग देवणीकडं. कर्नाटकाची हद्द इतकी खेटून की रस्त्यानं जाताना मोबाईल कानडीत बोलायला लागतो. बेलिफ गावात शिरली की काय होतं हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. निम्मे पुरुष तेवढ्यात पुण्याला गेलेले असतात. चुलीवर चहा उकळत असतो, खाटेवर उशी गरम असते, आणि बाई सांगते, "त्ये न्हाईत, लेकाकडं गेल्यात."

तर पलीकडच्या राज्यातल्या एका कोर्टाचं समन्स आमच्याकडं बजावायला आलं. साक्षीदार आमच्या हद्दीतले, काशिनाथ अप्पा. दावा सरूबाईचा. सरूबाई म्हणजे अप्पांच्या मयत थोरल्या भावाची मुलगी, पहिली वारल्यावर केलेल्या दुसऱ्या बायकोची. बाप वारल्यावर सावत्र भाऊ म्हणाला, तुझी आई कुठं लग्नाची होती, ती तर ठेवलेली; तुला जमिनीत हिस्सा कसला? लग्न लागलं होतं देवळात, आणि ते डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस आता जिवंत होतं — अप्पा. अप्पांची साक्ष झाली तर हिस्सा मिळणार. नाही झाली तर हिस्सा गेलाच, वर आईच्या नावाला लागलेला तो शब्द कायमचा. आणि कोर्टानं सांगितलेलं, ही शेवटची तारीख.

अप्पा काही दुष्ट नव्हते हो. पण भारी बेरकी! त्यांचं घर महाराष्ट्रात आणि गोठा कर्नाटकात. मधे हद्दीचा दगड — कमरेएवढा, निम्मा जमिनीत गाडलेला, शेंदूर फासून लोकांनी त्याचा म्हसोबा केलेला. आमची गाडी दिसली की अप्पा दगडापलीकडं. तिकडचा बेलिफ आला की दगडाअलीकडं. गोठा उभा होता सरूबाईच्या त्या सावत्र भावाच्याच रानात; साक्ष दिली की गोठा उठणार, म्हणून ही सगळी कसरत. मागं एकदा मी समन्स त्यांच्या दाराला चिकटवून आले, तर म्हणाले, शेळीनं खाल्लं.

या खेपेला ओळख पटवायला सरूबाई माझ्यासोबत आली. पंच म्हणून गावचा कोतवाल मारुती घेतला. चैत्राचं ऊन, भर दुपार. अप्पा दगडापलीकडं बाभळीच्या सावलीत पालथ्या बादलीवर बसून तंबाखू मळत होते. बाजूला त्यांचा देवणी बैल रवंथ करीत होता.

"बर्री बाई, बर्री!" अप्पांनी तिकडून कानडीत या-या केलं. "ऊट आय्तेन्री? जेवण झालं का न्हाई?"

"जेवण राहू द्या. दोन पावलं इकडं या, सही करा."

"आवं, गुडघे लई धरलेत. तुमीच या की."

"मला त्या बाजूला बजावता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"हाव," अप्पा गोड हसले. "म्हणूनच तर हितं बसून राहिलाव."

असा संताप आला! मी पाण्याची बाटली त्या दगडाच्या डोक्यावर ठेवली आणि पदरानं तोंड पुसत उभी राहिले.  सरूबाई अप्पांशी एक शब्द बोलली नाही. सरळ दगडासमोर उकिडवी बसली आणि त्यालाच झापायला लागली.

"माणसाला काय बोलायचं? तूच सांग. माझी माय नवी नवरी हून ह्याच वाटंनं आली का न्हाई? तुझ्या म्होरं नारळ फोडला का न्हाई? शेंदूर खाऊन खाऊन सुस्त झालास व्हय रं? कामून गप हायस? दगड हायस का काय!"

मारुती हळूच म्हणाला, "बाई, त्यो दगडच हाय."

तेवढ्यात वावटळ उठली. चैत्रात उठतेच, त्यात नवल नाही. धूळ, पाचोळा, डोळे मिटले. मी समन्स छातीशी धरलं. चार श्वासांचा खेळ. डोळे उघडले तर अप्पा तिथंच, त्याच बादलीवर, तंबाखू तळहातावर तशीच. बाभूळ तिथंच. बैल तिथंच.

दगड अप्पांच्या पाठीमागं होता.

त्याच्या डोक्यावर माझी बाटली. उभी. टोपणसुद्धा हललं नव्हतं.

मी पायाखाली बघितलं. खड्डा नाही, उकरलेली माती नाही. वाळकं गवत, आणि त्यातून मुंग्यांची रांग निवांत चाललेली. अप्पांनी आमची तोंडं बघितली आणि सावकाश मान वळवली.

"आरं तिच्या मायला..."

 बैलानं शेपूट हलवलं. अप्पांनी तंबाखू झटकली, धोतराला हात पुसले आणि पुढं केले. "द्या बाई."

अप्पांनी सही केली. मारुती म्हणाला, "म्या काय बी बघितलं न्हाई. पंचाची सही कुठं करू?"

ऑफिसात आमच्या नाझरसाहेबांनी, म्हणजे आम्हा बेलिफांच्या वरच्या साहेबांनी, अहवाल वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "हा माणूस हद्दीत सापडला कसा?"

"साहेब, हद्दच त्याच्यापाशी गेली."

"उन्हात टोपी घालत जा," ते म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, वावटळीत अप्पाच सरकले असतील. मग बाभूळ पण सरकली का? बैल पण? कुणी ढकलला म्हणाल तर तो दगड पहारीनं हलवायलासुद्धा पाच-सहा गडी लागतील. पुढं मोजणीवाले आले तेव्हा मी मुद्दाम गेले. दगड बाभळीच्या पलीकडंच होता, आणि त्यांच्या नकाशाप्रमाणं बरोबर जागेवर! म्हणजे इतकी वर्षं तो चुकीच्या जागी होता म्हणायचा का? मोजणीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, आमचं काम मोजायचं." वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "पाणी पीत जा." मला नाही सांगता येत काय झालं. नवरा मात्र आता जेवताना मला हा ग्रुप वाचू देत नाही.

तारखेच्या दिवशी संध्याकाळी सरूबाईचा फोन आला. अप्पा सगळ्यांच्या आधी कोर्टात येऊन बसले होते म्हणे, धुतलेलं धोतर नेसून. तिचा सावत्र भाऊ समोरच होता, अप्पांनी त्याच्याकडं बघितलं नाही. विरुद्ध वकिलानं विचारलं, इतक्या दिवसांत का नाही आलात? अप्पा म्हणाले, "म्या हाय तिथंच होतो साहेब." मग लग्नाचं विचारलं.

"काय बोलले?" मी म्हटलं.

 सरूबाई हुंदके देत होती. मीच म्हटलं, पाणी पी आधी.

"म्हणाले... लगीन लागलं तवा म्या हुभा होतो. घरी येताना वहिनीनं शिवंवर नारळ फोडला, खोबरं म्या वाटलं." आणि पुन्हा रडायला लागली. "ताई, वहिनी म्हणाले हो. माझ्या मायला जन्मात कुणी वहिनी म्हणलं नव्हतं."