पानं मांडल्यावरची वीस मिनिटं

बाबांचं इन्सुलिन जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी टोचायचं असतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा बाबांनी नुसती मान डोलावली आणि मी वही काढली. जेवल्यावर साखर चढायला लागते आणि औषधाला कामाला लागायला थोडा वेळ लागतो, म्हणून औषधाला आधी धाडायचं, म्हणजे साखर येईल तेव्हा ते दारात उभं असेल. मला हे इतकं पटलं की मी डॉक्टरांकडे बघून हसले. माझा पोटापाण्याचा धंदाच तो आहे.

बेंगळुरूजवळ होसकोट्याच्या एका कारखान्यात मी कंट्रोल इंजिनियर आहे. आमच्याकडे स्कूटरचे पत्र्याचे भाग रंगवतात आणि साखळीला टांगून लांबलचक भट्टीतून नेतात, म्हणजे रंग पक्का बसतो. थंड पत्रा आत शिरला की भट्टी निवते. आतला तापमापक ते बघतो आणि बर्नर वाढवतो. याला फीडबॅक म्हणतात. आधी बिघडू द्यायचं, मग सुधारायचं. पण भट्टी अवजड असते, ती पुन्हा तापेपर्यंत चार भाग कच्चे बाहेर पडलेले असतात. म्हणून भट्टीच्या अलीकडे साखळीवर एक सेन्सर बसवलाय. कामगार त्याला डोळा म्हणतात. येणारा माल तो आधीच मोजतो आणि थंडी आत पोचायच्या आत बर्नर वाढवायला लावतो. हे फीडफॉरवर्ड. कॉलेजात हा धडा शिकले तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या स्वभावाला कुणीतरी शास्त्रात बसवलंय.

कारण मी पहिल्यापासून अशीच. आभाळ भरून यायच्या आधी कपडे काढणारी, विमानतळावर पाच तास आधी पोचणारी. आई गेल्यावर बाबा पुण्याहून सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि माझ्या काळजीला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. नवरा महिन्यातले वीस दिवस कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे अडवणारंही कुणी नाही. बाबा चिडवायचे, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी." एकदा ते म्हणाले, पाय जरा जड वाटतोय. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, त्यांना दोन दवाखान्यांत नेलं, तीनदा रक्त काढायला लावलं. शेवटी निघालं काय, तर नवी चप्पल चावत होती. मी ओशाळले, पण थोडीच. न नेता काही निघालं असतं तर?

भट्टीचा बर्नर किती वाढवायचा हे पूर्वी मी एका सूत्राने ठरवत असे. गेल्या वर्षी ते काम आम्ही न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामला दिलं. त्याला शिकवायची रीत मला फार आवडायची. नेटवर्क आधी अंदाज करतं. अंदाज चुकला की मागून फीडबॅक दुरुस्ती करतो. त्या दुरुस्तीचा आकडा पुन्हा नेटवर्कला दाखवायचा की बघ, एवढं तुझं चुकलं. असं हजारो वेळा केलं की अंदाज सुधारत जातो आणि दुरुस्तीला कामच उरत नाही. दोनेक महिन्यांत स्क्रीनवरची दुरुस्तीची रेघ जवळजवळ सपाट झाली. मी तिचा फोटो बाबांना दाखवला. ते म्हणाले, "दवाखान्यात रेघ अशी सपाट झाली की लोक रडायला लागतात."

मी हसले आणि सोडून दिलं. एकंदरीत तेव्हा मी खूश होते. भट्टी शहाणी झाली होती. बाबांची तब्येतही सुधारल्यासारखी वाटत होती, हल्ली ते कशाचीच तक्रार करत नव्हते.

दुरुस्तीला काम नाही म्हटल्यावर मी तिचे हात बांधले. म्हणजे तापमापक काहीही म्हणो, त्याने बर्नर एका मर्यादेपलीकडे हलवायचा नाही. उगाच मधे लुडबुड नको. आणि एका सकाळी डोळ्यासमोरून मालाची मोठी रांग गेली, डोळ्याने वर्दी दिली, बर्नर भडकला आणि भट्टीच्या तोंडाशी साखळी अडकून थांबली. माल आत आलाच नाही. आधीपासून आत असलेले भाग करपायला लागले. तापमापक ओरडत होता, पण त्याचं ऐकू नका असं मीच सांगून ठेवलं होतं. नेटवर्कने तर थांबलेली साखळी जन्मात पाहिली नव्हती. मी केबिनमध्ये होते. भट्टीवरच्या जुन्या ऑपरेटरना रंगाचा वास आला आणि त्यांनी धावत जाऊन हाताने गॅस बंद केला.

त्यांना सगळा कारखाना अण्णा म्हणतो. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपासून बेंगळुरूत आहे. घरात मराठी बोलतात, पण तिला कन्नडचं वळण आहे. त्यांचा निवृत्तीचा महिना होता तो. हात पुसत ते मला म्हणाले, "डोळ्यानं बघितलं म्हणजे आत आलं असं नाही हो मॅडम. स्वल्प आत पण विचारायचं."

मी तापमापकाचे हात मोकळे केले. थांबलेली साखळी दाखवून नेटवर्कला पुन्हा शिकवलं. आठ पानांचा अहवाल लिहिला, त्यात चूक कुणाची हेही स्पष्ट लिहिलं. आपण यातून धडा घेतला असं मला अगदी मनापासून वाटलं.

निवृत्तीनंतरच्या रविवारी अण्णांनी बसवनगुडीच्या घरी सत्यनारायण ठेवला आणि मला बाबांसकट जेवायला बोलावलं. आदल्या दिवसापासून माझे हिशेब सुरू. लोकांच्या घरचं जेवण, कधी वाढतील याचा भरवसा नाही. एरवी माझ्या बॅगेत बिस्किटं, ग्लुकोजच्या गोळ्या, साखर तपासायचं यंत्र, सगळा दवाखाना असतो. त्या दिवशी रेशमी साडीवर ती बॅग बरी दिसेना म्हणून मी छोटी पर्स घेतली. तिच्यात इन्सुलिनचं पेन तेवढं मावलं. जेवायलाच तर चाललोय, असं मी स्वतःला समजावलं.

अण्णांच्या बायकोने दारातच "या या, बन्नी" म्हणून बाबांचा हात धरून आत नेलं. त्यांना सगळे अक्का म्हणतात. पूजा झाली, आरती झाली. हॉलमध्ये केळीची पानं मांडायला सुरुवात झाली. मी घड्याळ बघितलं. मग एक मुलगी पानांवर मीठ वाढत गेली, मागून कोशिंबीर आली. आमच्या पुण्यात पानावर मीठ पडलं की पाच-दहा मिनिटांत भात येतोच. मी बाबांना आतल्या खोलीत नेलं आणि पेन काढलं.

"अगं, भाताचा वास तरी येऊ दे," बाबा म्हणाले.

"पानं मांडलीत बाबा. मीठही वाढलंय."

त्यांनी सदरा वर केला. मी टोचलं.

आम्ही पानावर येऊन बसलो. सगळी पंगत बसली होती, गप्पा चालल्या होत्या, पण स्वयंपाकघरातून भात काही येईना. दहा मिनिटं गेली. मी हळूच अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "देवळात नैवेद्य गेलाय ना. आमचे थोरले बंधू घेऊन गेलेत. ते परत आले की वाढायचं. दोन गल्ल्या पलीकडंच आहे, आता येतील."

त्या घरची ती पद्धत होती. कुळाच्या देवाला नैवेद्य दाखवून ताट घरी परत आल्याशिवाय पूजेचा प्रसादही मिळायचा नाही आणि पानावर भातही पडायचा नाही. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक, म्हणून कुणी चुळबुळही करत नव्हतं. मी म्हटलं, फोन करून बघता का? अण्णा हसले. सोवळं नेसून ताट घेऊन गेलेल्या माणसाकडे फोन कुठला असणार? त्यात देवळाजवळचा रस्ता खणून ठेवलाय, वळसा घालून येत असतील, असं कुणीतरी म्हणालं.

पंधरा मिनिटं झाली. पूजेचं जेवण आहे म्हणून बाबांनी सकाळी नुसता चहा घेतला होता. मी बाबांना विचारलं, "कसं वाटतंय?" ते म्हणाले, "मस्त." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. "उत्तम." मला कळत होतं की उठावं आणि चमचाभर साखर मागावी. पण परकं घर, पूजेचा दिवस, देवाचं अजून व्हायचंय, आणि ज्याला त्रास व्हायला हवा तो माणूस म्हणतोय मस्त. नेहमीसारखी मी उगाच घाबरतेय, असं वाटून मी बसून राहिले. एरवी शंभर वेळा उगाच धावले होते. तेवढ्या त्या दिवशी लाज वाटली.

वीस मिनिटं होऊन गेली असतील. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळखीचं बघितलं नाही. कपाळ ओलं झालं होतं. पानावरचं मीठ ते एका बोटाने इकडून तिकडे सारत होते. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुझी आई अजून कशी आली नाही?"

सगळ्या संकटांची मी आयुष्यभर तालीम केली होती, आणि ऐनवेळी माझ्या तोंडून 'साखर' हा एक शब्द निघेना. मी नुसतीच त्यांचा दंड धरून बसले.

अक्कांनी समोरून पाहिलं. एक क्षण बाबांकडे, एक क्षण माझ्या तोंडाकडे. मग त्या उठल्या, देवापुढे झाकून ठेवलेला पानकाचा तांब्या उचलला, बाबांच्या शेजारी खाली बसल्या आणि गुळाचं ते पाणी भांड्यात ओतून त्यांच्या ओठाला लावलं. पंगतीतल्या एक आजी म्हणाल्या, "अगो, देवाचं व्हायचंय अजून."

"देवाला थांबायची सवय आहे," अक्का म्हणाल्या. "यांना नाही. प्या हो, हळू प्या."

बाबा प्यायले. अर्धं सदऱ्यावर सांडलं. अक्कांनी आणखी एक भांडं पाजलं. मी घड्याळ बघत नव्हते, माझी बघायची हिंमतच नव्हती. कितीतरी वेळाने बाबांनी सदऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे काय, मी सांडलं वाटतं." मला रडू फुटलं. तेवढ्यात थोरले बंधू ताट घेऊन घामाघूम दारात उभे राहिले आणि भात आला.

बाबा व्यवस्थित जेवले, मठ्ठा मागून प्यायले. अण्णा वाढता वाढता माझ्यापाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "माल आत आला नव्हता, मॅडम." त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. मला मात्र माझा आठ पानांचा अहवाल अक्षरन् अक्षर आठवला. महिनाही झाला नव्हता.

परत येताना टॅक्सीत मी बाबांच्या बाजूची काच खाली केली. मग मी विचारलं, "घाम कधीपासून येत होता?"

"पानावर बसल्यावर थोड्या वेळाने. हातही कापत होते जरा."

"मी तीन-तीनदा विचारलं, बाबा!" मी जवळजवळ ओरडले. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. "सांगितलं असतं तर तू पंगत उठवली असतीस. ॲम्ब्युलन्स बोलावली असतीस. त्या माणसाच्या घरचा चांगला दिवस होता." मग म्हणाले, "चप्पल चावली तेव्हा माझं तीनदा रक्त काढलंस. तेव्हाच मी ठरवलं, हिला काही सांगायचं नाही. तुला त्रास होतो आणि मलाही."

इतके महिने बाबांची तक्रार नव्हती ती यासाठी. मी ती सपाट रेघ तब्येतीची समजत होते. ती बंद केलेल्या तोंडाची होती, आणि तोंड मी बंद केलं होतं. मला स्वतःचा इतका राग आला की सिल्क बोर्डच्या सिग्नलला मी टॅक्सीतून उतरून चालू लागले असते. पण बाबांना एकटं सोडायची भीती वाटली, म्हणून बसून राहिले.

डॉक्टर म्हणाले, जेवणाचा नेम नसेल तिथे घास तोंडात गेल्यावर टोचलं तरी चालेल. आता बाहेर आम्ही तसंच करतो. ते सोपं आहे. अवघड दुसरं आहे.

गेल्या आठवड्यात सकाळी चहा घेताना बाबा पेपरमागून म्हणाले, "काल उठताना जरा गरगरलं."

माझा हात फोनकडे गेला होता. दवाखान्याचा नंबर माझ्या बोटांना पाठ आहे. मी तो हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसले.

"आता कसं आहे?" मी विचारलं.

"आता बरं आहे."

"बरं," मी म्हटलं. चहाचा घोट घेतला. जीभ भाजली.

बाबांनी पेपर खाली केला. मी उठले नाही, हे त्यांनी नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "आणि डाव्या डोळ्याला महिनाभर जरा धूसर दिसतंय."

महिनाभर! मी खुर्ची घट्ट धरली.

"उद्या दाखवू या," मी म्हटलं. "अजून काही?"

त्यांनी पेपरची घडी घातली, कप बाजूला सरकवला आणि सांगायला लागले. बराच वेळ सांगत होते.