आंधळी मरळ आणि काळी छत्री

भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, धाकट्या सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. घरोघरी मोबाइल आले, रीत काही गेली नाही. मी जाऊबाईंना सांगायचं, त्यांनी नवऱ्याला; उलट निरोपही त्याच वाटेनं, मग तिघंही एकाच ओट्यावर बसलेले का असेनात. त्यांना काय म्हणून हाक मारायची, तेच मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

अंगणातल्या सिमेंटच्या हौदात मी एक मरळ मासा पाळला होता. विहिरीच्या बादलीतून आलेलं बोटाएवढं पिल्लू माझ्या हातची गांडुळं खाऊन हातभर झालं. यंदा तिच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरं पटल आलं. भासरे बायकोला म्हणाले, आंधळ्या माशाचा काय उपयोग, उद्या हौद धुवायचाच आहे तर धरणात सोडून द्या. धरणात तिचं काय होईल ते मला कळत होतं. मला संताप आला. प्राणिशास्त्र शिकलेली बाई मी, आणि या घरात ते शिक्षण कुणी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हौद धुण्याआधी, तिला अजून काय कळतं ते दाखवायला, भर उन्हात मी अर्ध्या हौदावर पोतं टाकलं. मरळ सरळ पोत्याखाली गेली. पोतं पलीकडे सरकवलं, तर तीही पलीकडे. जाऊबाईंना गंमत वाटली. भासरे मात्र एवढ्यानं ऐकणारे नव्हेत.

"तिले सांग," ते बायकोला म्हणाले, "पोतं पाण्याले लागलं. पाणी हाललं, म्हणून समजलं असंन."

शंका रास्त होती, म्हणून मी जास्तच चिडले. आतून काळी छत्री आणली आणि थेट त्यांच्यासमोर धरली.

"तुम्हीच धरा. पाण्याले लावू नका."

जाऊबाईंनी जीभ चावली. भासऱ्यांनी छत्री घेतली आणि डाव्या कोपऱ्यावर धरली. मरळ जरा थबकली, मग वळून सावलीत जाऊन बसली. छत्री उजवीकडे नेली, मरळ उजवीकडे. साठीचा माणूस छत्री घेऊन हौदाभोवती फिरत होता आणि मी जिंकले होते. एवढा आनंद मला बी.एस्सी.च्या निकालालाही झाला नव्हता.

मग ते थांबले आणि माझ्याकडे वळले.

"बाई, डोळे नाहीत तं हिले अंधार समजते कसा?"

मी सांगितलं. माशाच्या कवटीखाली, मेंदूच्या माथ्यावर उजेड ओळखणारी इवलीशी ग्रंथी असते. तिथलं हाड पातळ, त्यातून उजेड आत झिरपतो. मेंदूच्या आत आणि काही माशांच्या कातडीतसुद्धा उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. आकार दिसत नाही, पण ऊन कुठे नि सावली कुठे, एवढं कळतं. त्यांनी मध्येच थांबवून पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. जाऊबाईंकडे मी एकदाही पाहिलं नाही.

"मंग हौद धुताना हिले पाण्याच्या टिपात ठिवजो," ते मला म्हणाले. "आन् मले आवाज देजो. पाणी मी भरतो."