खोकडीपायी न दिलेली ओ

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे एकसष्टीची. आता सत्तरीला टेकल्यावर त्या बाईकडे वळून पाहते तेव्हा तिला दोन धपाटे घालावेसे वाटतात. गळ्यात कॅमेरा, अंगावर खताचं रिकामं पोतं, पायात नवऱ्याच्या जुन्या चपला, आणि ऐट अशी की जंगलखात्यानं घरी गाडी पाठवून बोलावून नेलं आहे.

कॅमेरा लेकीचा. ती अमरावतीला असते. तिनं नवा मोबाइल घेतला आणि जुना लांब नळीचा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. "आई, झेंडूचे फोटो काढत जा, वेळ जाईल." जसा काही माझा वेळ रिकामा पडला होता. मूर्तिजापूरहून आत आमचं शेत. झेंडू, वांगी, टमाटे. पहाटेची तोड करून माल अकोल्याच्या गाडीत चढवेपर्यंत पाठीचा काटा ढिला होतो. तरी मी महिनाभर झेंडू काढले. झेंडू पळत नाही, म्हणून मला वाटायला लागलं की आपल्याला फोटो येतात.

मग चैत्रात धुऱ्यावर खोकड दिसली. आमच्या आणि चुलत दिराच्या शेतामधला तो उंच बांध, वर एक वाकडी बाभूळ, आणि तिच्या मुळाशी बीळ. नातवंडांच्या पुस्तकातला कोल्हा असतो लालबुंद, शेपटीचं टोक पांढरं शुभ्र. आमची खोकड त्याची गरीब चुलत बहीण. मातकट रंगाची, काटक्यांसारख्या पायांची, शेपटीचं टोक शाईत बुडवल्यासारखं काळं. मांजरीहून थोडी मोठी. पण तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मी कामातून गेले. त्या दिवसापासून घरात वरणाला फोडणी नाही आणि भाकरीला मीठ नाही.

पहिल्यांदा बिळापाशी दबा धरून बसले, तर ऐन वेळी लेकीचा फोन वाजला. खोकड गडप. म्हणून दुसऱ्या खेपेपासून मी मोबाइल घरीच ठेवू लागले. ही माझी हुशारी.

"अवं, आता घरी बसाच्या वयात त्या खोकडीच्या मांगं काहून लागली?" नवरा म्हणायचा.

"तुमच्या मांगं चाळीस वर्सं लागली, काय भेटलं?" मी म्हणायची. त्याला ते ऐकू जायचं नाही. कानाला लावायचं यंत्र होतं, पण ते तो लग्नाकार्याला घालायचा. एरवी ते खिशात, डबीत. समोरून तोंड पाहिलं तरच त्याला बोलणं कळे.

आता तारेचं सांगते. दिराच्या शेतात उन्हाळी भुईमूग होता. रानडुकरं शिरली की सकाळी शेत उकरून ठेवलेलं. म्हणून तो शेताला बारीक तार वेढून तिच्यात सरळ लाइनीचा करंट सोडायचा. हा गुन्हा आहे, असल्या तारेनं माणसं मेली आहेत, हे त्याला ठाऊक होतं आणि आम्हालाही. पण ज्याचा भुईमूग गेला त्याच्यापुढे बोलायला कोणी धजत नाही. त्यानं आपल्यापुरती एक रीत पाळली होती. दिवस मावळताना, बटण दाबण्याआधी, तो तारेबाहेरच्या मोटारीच्या खोलीच्या दारात उभा राहायचा आणि तीनदा हाक द्यायचा, "तार चालू होऊन राहिली होऽ." शेतात जो असेल त्यानं ओ द्यायची. ओ आली की तो माणूस बाहेर येईस्तोवर बटणाला हात नाही. तोडणीच्या बाया मुद्दाम दहा वेळा ओ द्यायच्या आणि तो शिव्या घालत उभा राहायचा. पण थांबायचा.

त्या दिवशी मी उन्हं कलल्यावर गेले. धुऱ्याच्या पलीकडे, दिराच्या अंगाला, एक चर होता. धुरा तिथे वळतो, त्यामुळे धुऱ्याला पाठ लावून बसलं की बिळाचं तोंड समोर येत होतं. उतरताना गवतात सैल पडलेली तार दिसली. वाटलं, उरलेली असेल. तिच्यावरून पाय टाकून चरात बसले आणि पोतं अंगावर ओढलं. थोड्या वेळानं पाठीमागून खुट्या ठोकल्याचा आवाज आला. मी मान वळवली नाही. खोकडीला हालचाल खपत नाही, एवढं ज्ञान मला झालं होतं.

डुकरं आता धुऱ्याकडून येतात, म्हणून दीर त्या दिवशी तार धुऱ्यावरून ओढून घेत होता. माझ्या पाठीमागून. आणि खताच्या पोत्याखाली बसलेली बाई त्याला खताचं पोतंच दिसली.

पहिली हाक आली तेव्हा बिळाच्या तोंडाशी दोन कान दिसले. दुसऱ्या हाकेला नाक. माझी ओ घशापर्यंत आली होती. पण मी विचार केला, आपण तर धुऱ्यावर आहोत, तार तिकडे भुईमुगाला. आपला काय संबंध. तिसऱ्या हाकेला खोकड पूर्ण बाहेर आली, तिच्या पोटाखालून पिल्लू डोकावलं, आणि एकसष्ट वर्षांच्या त्या पोरीनं श्वाससुद्धा रोखून धरला.

मग दिराची फटफटी सुरू झाली आणि गावाकडे निघून गेली.

उजेड उतरत होता. फोटो काळपट येत होते. मी पोतं जरा बाजूला सारलं आणि मागून आवाज आला. चट्. थोडं थांबून पुन्हा चट्. पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या हराळीचं एक ओलं पातं तारेला टेकत होतं आणि टेकलं की निळी ठिणगी उडत होती. मी हळूहळू मान वळवली. तार माझ्या पाठीशी हातभर अंतरावर होती. गुडघ्याच्या खाली, ताठ. डावीकडे गेलेली, उजवीकडे गेलेली, दोन्हीकडे अंधुक होत होत दिसेनाशी झालेली. जिच्यावरून मी मघाशी पाय टाकला होता, तीच.

  ओलांडून जावं, तर लुगड्याचा ओचा आणि माझे गुडघे, दोघांचाही भरवसा नाही. चर ओला. पाय घसरला तर हात कुठे टेकेल, याचा विचार मी अर्धाच केला. मी देवाला हाक मारली नाही. देव म्हणाला असता, आधी दिराच्या हाकेला ओ द्यायची होती.

पिल्लं तिघं बाहेर आली. एकाला ती निळी ठिणगी दिसली असावी. ते तुरुतुरु तारेकडे निघालं.  खोकड एकदाच भुंकली आणि पिल्लू गर्रकन मागे फिरलं. ती स्वतः मात्र तारेच्या वाटेला गेली नाही. पाटाचा सिमेंटचा पाइप धुऱ्याखालून आमच्या शेतात जातो, त्यातून पलीकडे गेली आणि थोड्या वेळानं तोंडात उंदीर घेऊन त्यातूनच परत आली. मी त्या पाइपाकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं. तरुणपणीही त्यात माझा एक दंडच गेला असता.

ठरवलं, बसून राहायचं. सकाळी दीर बटण बंद करेल. भीती होती, पण ती हात-पाय आवळून बसलेली भीती होती. आणि मग आमच्या शेतात, झेंडूच्या ओळींमधून, बॅटरीचा उजेड हलताना दिसला.

नवरा मला शोधायला येत होता.

त्याची वाट मला पाठ होती. झेंडूतून सरळ, मग धुरा चढून बाभळीपाशी. बॅटरी पायाशी धरायची सोडून तो ती लांबवर, बाभळीकडे, इकडेतिकडे फिरवत होता. नवी तार धुऱ्यावर आहे हे त्याला कसं ठाऊक असणार.

"आवो, थांबा," मी ओरडले. "तिथंच थांबा. तार हाये." खोकड आणि पिल्लं एका झेपेत बिळात. मी पुन्हा ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले. यंत्र खिशात, डबीत. तो धुऱ्याच्या पायथ्याशी आला. एक हात गुडघ्यावर ठेवून चढायला लागला, नेहमीसारखा, पुटपुटत.

कॅमेऱ्याचा फ्लॅश मी कधीच वापरला नव्हता. लेकीनं बजावलं होतं, जनावराच्या डोळ्यांवर मारू नको. तिनं नवऱ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. कोणतं बटण, ते बोटांना सापडेना. मी सगळी दाबली. फ्लॅश टपकन वर आला. तो धुऱ्याच्या माथ्यावर पोचला होता, पाय उचललेला होता, तेव्हा मी त्याच्या तोंडावर उजेड मारला.

तो जागच्या जागी थबकला. एका पायावर. मी पुन्हा दाबलं. फ्लॅश पुन्हा उडायला वेळ लागतो. तो उडाला. त्या उजेडात त्याच्या पायाखाली तार चकाकली, आणि त्यानं ती पाहिली.

त्यानं पाय मागे घेतला. अगदी सावकाश. मग मटकन खाली बसला.

 बसल्या बसल्या त्यानं खिशातून डबी काढली, यंत्र कानात घातलं आणि म्हणाला, "हलू नोको."

"कुठीसा जातो मी?"

त्यानं दिराला फोन लावला. यंत्र घातलेल्या कानाला फोन धरला की शिट्टी वाजते, त्यामुळे पलीकडचं त्याला काही ऐकू येईना, आणि तो नुसता ओरडत राहिला, "तार बंद कर. तुई वयनी आतमंदी हाये. आतमंदी. काय बोलून राहिला मले काई ऐकू येत नाई, तू तार बंद कर."

दीर आला तो घामानं भिजून. खोलीत जाऊन बटण बंद करून आला आणि बॅटरीच्या उजेडात धुऱ्यावर उभा राहिला. 

"वयनी, म्या तीनदा हाक देली. ओ काहून नाई देली तुमी?"

"आधी त्या तारेले हात लाव," मी म्हटलं.

"बंद केली ना."

"लाव."

त्यानं तार मुठीत धरली आणि मी येईपर्यंत सोडली नाही. नवऱ्यानं मला दंडाला धरून वर ओढलं. घरापर्यंत त्यानं तो दंड सोडला नाही. लग्नातसुद्धा इतका घट्ट धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिरानं धुऱ्यावरची तार काढली. भुईमुगाची काढायला त्याला आणखी एक हंगाम लागला. आता तिथे बॅटरीवरचं झटका मशीन आहे, नुसता चटका देणारं, जीव न घेणारं. खोकडीनं मात्र त्याच रात्री पिल्लं हलवली असावीत. बीळ रिकामं पडलं. तिसरी हाक आली तेव्हाचे तिचे सगळे फोटो काळे आले. ज्याच्यासाठी मी ओ गिळली, ते काही हाती लागलं नाही.

फ्लॅशचे दोनच फोटो चांगले आले. दुसऱ्यात नवरा एका पायावर उभा, तोंड उघडं, धोतराचा सोगा हातात, आणि पायाखाली केसाएवढी तार. लेक म्हणाली, "आई, हा काढून टाक, पाहवत नाही." मी काढला नाही. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. लुगडं काढताना रोज दिसतो.

आता मी शेतात असते तेव्हा कोणाचीही हाक ऐकू आली की ओ देते. पलीकडच्या शेतात कोणी बैलाला हाकारलं तरी देते. बाया हसतात. हसू देत.