तरे सिस्टरांची मोटारसायकल

तरे सिस्टर कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती तळहाताने दाबून बघायच्या. आमच्या आरोग्य केंद्रात मोठे साहेब तपासणीला आले, तेव्हाही हा नेम चुकला नाही. साहेब "बसा सिस्टर" म्हणाले, तर यांनी समोरची गादीची खुर्ची दोनदा दाबली, नकारार्थी मान हलवली आणि कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढून घेतलं. "साहेब, मना मऊ जागा चालत न्हाय. मऊ जागा आधी लाड करते आणि मंग रात्रभर वसूल करते." हसावं की रागवावं, ते साहेबांना कळेना. आम्हाला मात्र हसू आवरणं कठीण गेलं.

अंबाडीच्या पुढे, भिवंडी-वाडा रस्त्यावरून आत वळलं की आमचं ते केंद्र. मी तिथे औषधं द्यायचो आणि सिस्टर डोंगरातल्या पाड्यांवर जाऊन बाळांना लस टोचायच्या. दोघंही भिवंडीहून ये-जा करणारे. मी निजामपुऱ्यात, खाली कापडाचे लूम आणि वर खोली अशा घरात भाड्याने राहायचो. सिस्टरांचं घर गावाबाहेर, जिथे पूर्वी त्यांची भातशेती होती आणि आता नजर जाईल तिथवर गोडाऊनं आहेत, तिथे. त्यांचे यजमान शांतारामशेठ या गोडाऊनांच्या भाड्यावर निवांत होते. बायकोने नोकरी सोडावी आणि घरी पंख्याखाली बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. "पंख्याखाली बसून काय करू?" सिस्टर विचारायच्या. "गोडाऊनं वाढतात का ते बघू?"

त्यांच्या पाठीचं दुखणं जुनं होतं. कमरेजवळच्या मणक्याची गादी सरकली होती आणि डाव्या पायात कळ यायची. सहा जणांच्या रिक्षात दहा जण बसून त्या रस्त्याने वर्षानुवर्षं प्रवास केला, तर दुसरं काय होणार? पुढे मी मोटारसायकल घेतली आणि त्या माझ्या मागे बसून येऊ लागल्या. आमच्या दोघांच्या मध्ये लसीचा निळा डबा. पण मागे बसणं हेही काही सुख नव्हतं. "मागं बसलं की खड्डा आधी मणक्याला कळतो, मंग डोळ्याला," असं त्या म्हणायच्या. मी कितीही जपून चालवली तरी प्रत्येक दणक्याला माझ्या खांद्यावरची त्यांची बोटं रुतायची.

एका पावसाळ्यात पाड्याखालच्या ओढ्यात माझी गाडी घसरली आणि आम्ही दोघं आडवे झालो. मी धडपडत उठलो, त्यांना हात दिला, तर त्यांनी तो हात झटकला. "मना सोडा हो, डबा धरा! डबा चालला!" पन्नाशीला आलेली बाई गुडघाभर पाण्यात पालथी पडलेली आणि मी डब्याच्या मागे ओढ्यातून धावतोय. डबा मिळाला, आतला बर्फ शाबूत निघाला, तेव्हा कुठे त्यांनी आपली कंबर चाचपून पाहिली. तशाच ओल्या साडीत त्यांनी दुपारपर्यंत पाड्यावरच्या सगळ्या पोरांना टोचलं. पाड्यावरच्या बायका त्यांना 'सुईवाली बाय' म्हणायच्या आणि दुसऱ्या कुणाच्या हातात बाळ द्यायच्या नाहीत. याचा सिस्टरांना गर्व होता आणि तो त्या लपवतही नसत.

मग माझ्या शहापूरकडच्या बदलीचा हुकूम आला. जायला दोनेक महिने होते. मी ते सांगितलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मंग डबा कसा जाणार?" आपण कशा जाणार, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. साहेबांनी त्यांच्यापुढे सोपा मार्ग ठेवला होता. शहरातल्या लसींच्या कोठीत बसून काम करायचं, फिरणं बंद. दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते. सिस्टर म्हणाल्या, "डबे भरणारे पुष्कळ हायत. चढणारं कोण हाय?" आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या, गाडी कुठली घ्यावी ते विचारायला.

डॉक्टर भले गृहस्थ. आधी त्यांनी कळकळीने सांगितलं की, बाई, तुम्ही कुठल्याच दुचाकीवर बसू नका. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत तेव्हा ते सुस्कारा टाकून म्हणाले, "ऐकणारच नसाल तर निदान स्कूटर नको. तिचं चाक लहान, ते अख्खं खड्ड्यात उतरतं. मोठ्या चाकांची मोटारसायकल बघा. पाठ सरळ राहिली पाहिजे, पाय शरीराच्या खाली राहिले पाहिजेत, म्हणजे खड्डा दिसला की पायांवर जोर देऊन सीटवरून उठता येतं. पाय पुढे पसरून मागे रेलायची गाडी तर अजिबात नको. दिसायला आरामाची, पण सगळा दणका माकडहाडाला." जिना उतरताना सिस्टर मला म्हणाल्या, "बघा, डॉक्टर मोटारसायकल घ्या बोलले."

शांतारामशेठनी मोटार आणि ड्रायव्हर देऊ केला. पण ओढ्यापलीकडे पायवाट होती, तिथे मोटार जाणार कुठून? शेवटी तेही थकले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, तुमचं ऐकते ती. जरा चांगली गाडी बघून द्या." माझं ऐकते, हा त्यांचा गोड गैरसमज होता.

रविवारी गोडाऊनांपुढच्या मोकळ्या पटांगणात माझ्या गाडीवर शिकवणी सुरू झाली. ट्रकांचे ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन तमाशाला उभे राहायचे. "मैडम, स्कूटी ले लो ना, काय को तकलीफ!" कुणीतरी ओरडायचा. "तुम्हारा ट्रक मैं चलाऊँ क्या? फिर बोलो तकलीफ!" सिस्टर गाडीवरूनच उत्तर द्यायच्या आणि त्या नादात क्लच सोडायच्या, की गाडी बंद. पण महिन्याभरात त्या शिकल्या. साडी जाऊन पंजाबी ड्रेस आला. पहिल्यांदा एकटीने पटांगणाला फेरी मारून आल्या तेव्हा चेहरा असा फुलला होता, की टिंगल करणाऱ्या ड्रायव्हरांनीच टाळ्या वाजवल्या. मलाही वाटलं, जमेल. खरंच वाटलं.

मग दुकानं पालथी घालणं सुरू झालं. प्रत्येक दुकानातला सेल्समन माझ्याशीच बोलायचा. "सर, मिसेससाठी का? लेडीजसाठी हा गुलाबी कलर बघा." सिस्टर शांतपणे सांगायच्या, "हा माझा भाऊ हाय आणि गाडी माझ्यासाठी हाय. आता माझ्याकडं बघून बोल." खडबडीत रस्त्यांची म्हणून दाखवलेली उंच गाडी डॉक्टरांच्या म्हणण्यात चपखल बसत होती, पण तिच्यावर सिस्टरांचे पाय जमिनीला पोचेनात. दुसरी एक साधी, हलकी, कचेरीत जाणारे लोक वापरतात तसली गाडी. पाठ सरळ, पाय खाली, पावलं जमिनीवर. मी मनातल्या मनात हुश्श केलं. हीच, म्हटलं, हीच घ्या.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या आणि रिक्षातून आणलेला लसीचा डबा त्यांनी पुढे केला. आत बर्फाऐवजी पाण्याचे पॅक भरून आणला होता. सेल्समन डोळे फाडून बघत राहिला. डबा मागच्या सीटवर बांधून सिस्टरांनी दुकानामागच्या उखडलेल्या गल्लीतून एक चक्कर मारली. ती सीट अरुंद आणि पुढे उतरती. परत येईपर्यंत डबा कलून एका बाजूला लोंबत होता. "ही न्हाय," त्यांनी निकाल दिला.

असा तो डबा भिवंडीतल्या तीन दुकानांत फिरला आणि अखेर एका गाडीवर बसला. बुटकी, लांब, हँडल उंच, पाय पुढे. मागची सीट पाटासारखी रुंद. गल्लीतून फिरून आली तरी डबा तसूभर हलला नव्हता. सिस्टर लहान मुलीसारख्या हरखल्या. "बघा भाऊ! जागचा हललासुद्धा न्हाय!"

"सिस्टर, डबा राहू द्या, तुम्ही कशा बसलाय ते बघा," मी म्हटलं. "डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलेली गाडी हीच. खड्ड्यात तुम्हाला उठता येणार नाही."

"माझे पाय टेकतात."

"पाय टेकतात, पण पाठीचं काय? आणि लस कलंडून खराब होत नाही हो, ती उन्हाने खराब होते. मी औषधवाला आहे, मला विचारा. त्या साध्या गाडीला मागे लोखंडी जाळी बसवू, डबा घट्ट राहील."

त्यांनी मान हलवली, गादीच्या खुर्चीपुढे हलवायच्या तशीच ठाम. "जाळी सैल होते. बांधलेलं सुटतं. माझं दुखलं तर मी बोलेन, लसीला बोलता येत न्हाय."

आयुष्यभर ज्या बाईने खुर्ची दाबून पाहिल्याशिवाय बूड टेकवलं नाही, तिने सबंध जन्मातली पहिली गाडी निवडली ती डब्याचं बूड बघून. मी डॉक्टरांना फोन लावून दिला, शांतारामशेठना मध्ये घातलं, रागावून एक दिवस बोललोही नाही. काही उपयोग झाला नाही. नव्या गाडीला हार घालून, नारळ फोडून त्या अंबाडीच्या रस्त्याला लागल्या आणि मी शहापूरला गेलो.

फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं. "गाडी एक नंबर. डबा मस्त बसतो." आणि पाठ? "पाठ हाय जागेवर." माझं दुखलं तर मी बोलेन म्हणणारी बाई बोललीच नाही. पट्टा आवळून, गोळ्या गिळून त्यांनी एक पावसाळा काढला. त्या पावसाळ्यात तो रस्ता कसा होता ते मी सांगायला नको.

दिवाळीनंतर शांतारामशेठचा फोन आला. पाड्यावरून परतताना अंबाडीच्या नाक्यावर सिस्टरांनी गाडी थांबवली होती. पाय टेकले, इंजिन बंद केलं आणि उतरायला गेल्या तर कमरेखालचं अंग त्यांचं ऐकेना. गाडी बुटकी, दोन्ही पावलं जमिनीवर, त्यामुळे त्या पडल्या नाहीत. भर बाजारात, हँडल धरून, नुसत्या बसून राहिल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, बाई कुणाची तरी वाट बघतेय. ओळखीच्यांनी हात केला, यांनी मान डोलावली. शेवटी वडापाववाल्याच्या बायकोने त्यांच्या डोळ्यातून पाणी वाहताना पाहिलं आणि जवळ येऊन विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी डबा उतरवून घे. मंग मना."

ऑपरेशन झालं. पाय थोडे परत आले, पण बसणं गेलं. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा शांतारामशेठ बाहेरच भेटले. सांगत होतो, सांगत होतो, एवढंच म्हणत राहिले. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवरही त्यांनी सिस्टरांना मोटारीत आडवं घालून नेऊन आणलं होतं. आत सिस्टर फळीच्या पलंगावर उताण्या पडल्या होत्या. वर पंखा फिरत होता. मला बघून त्या हसल्या आणि पाड्यावरच्या एकेका पोराचं नाव घेऊन विचारत बसल्या. मला काय माहीत असणार? त्यांच्या जागी आलेल्या सिस्टरकडे दोन ठिकाणचं काम होतं. ती खाली रस्त्यावर बसायची आणि पाड्याने उतरून यायचं, असं ठरलं होतं. पाडा उतरत नव्हता.

उन्हाळ्याच्या तोंडावर मी पुन्हा गेलो त्या दिवशी दारात दोन बायका उभ्या होत्या. काखेला तान्ही बाळं. भिवंडीजवळच्या वीटभट्टीवर कामाला आलेल्या त्या पाड्यावरच्याच होत्या आणि विचारत विचारत घर शोधत आल्या होत्या. आत येताच एकीने बाळ सरळ पलंगावर सिस्टरांच्या कुशीजवळ ठेवलं. "तू येस नाय बाय, मंग आमीच आलू. टोच."

सिस्टरांचा हात आपसूक बाळाच्या मांडीकडे गेला. दोन बोटांनी त्यांनी ती मांडी चिमटीत धरली आणि धरूनच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "घरात लस नसते गं. या भाऊसंगं दवाखान्यात जा. तिथली बाई माझ्यापरीस हलकी सुई टोचते."

"तू चल," ती बाई म्हणाली. तिच्या दृष्टीने यात अवघड काही नव्हतं.

"चल," सिस्टर म्हणाल्या. आणि मला, शांतारामशेठना, कुणाला काही कळायच्या आत त्या कोपरावर उठायला लागल्या. दात आवळले, कपाळावर घाम फुटला, मान उचलली गेली, खांदा उचलला गेला. आम्ही दोघं दोन बाजूंनी धावलो आणि तसेच उभे राहिलो. सिस्टरांना कुठे धरावं, कुठे धरलं म्हणजे दुखणार नाही, ते दोघांनाही माहीत नव्हतं. खांदा थरथरत पुन्हा खाली गेला. त्या बाईने आपलं बाळ उचललं. "ऱ्हाव दे बाय," ती म्हणाली. "पडून ऱ्हा."

मी त्या दोघींना घेऊन दवाखान्याकडे निघालो. रस्ताभर समजावत होतो. दवाखान्याच्या दारापर्यंत आल्या, आतली रांग आणि अनोळखी पांढरे कोट बघितले आणि थबकल्या. मी हात जोडले. शेवटी म्हटलं, नंतर येऊ असं तरी कबूल करा. त्यांनी माना डोलावल्या आणि भट्टीच्या वाटेला लागल्या. मी काय, त्यांच्या काखेतली पोरं हिसकावून घेणार होतो?

परत आलो तर सिस्टरांची नजर दाराकडेच होती. "टोचलं?"

"नाही," मी म्हटलं. "गेल्या."

त्यांना माझ्याकडे बघवेना. तोंड भिंतीकडे फिरवावं म्हणून त्यांनी कूस वळायचा प्रयत्न केला, पण तेवढंही अंग वळलं नाही. मग त्यांनी नुसते डोळे मिटून घेतले.