सुबकराव आणि त्यांची टोकदार शिखरं

आमच्या भावोजींना प्रयोगशाळेत सगळे सुबकराव म्हणतात, आणि त्यांना ते कौतुक वाटतं! ताईचा नवरा म्हणून घरी मी त्यांचा मान ठेवते. कामावर मात्र दातओठ खाते. ते भट्टी सांभाळतात, मी शेजारच्या टेबलावर गॅसचे गजर तपासते. हा माणूस मोज्यांना इस्त्री करतो. शेजाऱ्यांच्या दारातलं पायपुसणं तिरकं दिसलं तर जाऊन सरळ करून येतो. स्वतःच्या लग्नात फोटोतली रांग नीट नाही म्हणून सगळ्या वऱ्हाडाला ताटकळत ठेवणारा नवरदेव मी तरी दुसरा पाहिला नाही.

गेल्या वर्षी एका तापानंतर ताईला वास येणंच बंद झालं. एकदा शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं राहिलं आणि ती त्याच स्वयंपाकघरात निवांत भाजी निवडत बसली होती. मी अवचित आले म्हणून निभावलं. तेव्हापासून ती घरात एकटी असली की माझ्या जिवाला घोर. भावोजी म्हणाले, "काळजी कशाला? तिच्यासाठी गजर मी स्वतः बनवतो." हे मात्र मनापासून बोलले, नाही म्हणायचं नाही.

अशा गजराचा जीव म्हणजे कथिलाच्या ऑक्साइडची पांढरी पूड. कण जितके बारीक, तितकी गॅसला टेकायला जागा जास्त आणि गजर तितका चटकन उठतो. पूड हलकी भाजली तर कण बारीक राहतात. भट्टी तापवत नेली की शेजारचे कण एकमेकांत मिसळतात, मोठे लहानांना गिळतात आणि स्फटिक चांगले थोराड होतात. हे मला शिकवलं कुणी? भावोजींनीच! फळ्यावर, पट्टीनं रेघा मारून, माझं डोकं उठेपर्यंत.

पहिली पूड त्यांनी हलकीच भाजली. माझ्या चाचणीच्या पेटीत गॅसची जरा झुळूक सोडली तर गजर असा किंचाळला की बाहेरचा पहारेकरी धावत आला. मी म्हटलं, झालं काम, लावा घरी. पण छे! त्या पुडीतल्या स्फटिकांचा, क्ष-किरण सोडून काढलेला आलेख निघाला आणि सुबकरावांचं तोंड उतरलं. बारीक कणांचा आलेख तसाच यायचा, बसक्या फुगीर टेकाडांचा. मोठ्या स्फटिकांची शिखरं कशी, उंच आणि सुईसारखी.

"हे काय ध्यान आहे?" ते म्हणाले. "हा आलेख मी चारचौघांत दाखवू?"

"ताईला आलेख नकोय, भावोजी. गजर हवाय."

"तुला मेली दृष्टीच नाही."

पूड परत भट्टीत गेली, चांगली दुप्पट आचेवर. शिखरं हवी तशी टोकदार झाली, साहेबांनी पाठ थोपटली आणि आमचे भावोजी हवेत. मी पेटीत तपासू द्या म्हणून मागे लागले, तर म्हणाले, "एवढा स्वच्छ आलेख पाहूनही शंका? कमाल आहे तुझी." आणि तीच पूड घातलेला गजर थेट घरी नेला. मग काय, मीही मागोमाग गेले आणि आधी खिडक्या उघडल्या.

त्यांनी भिंतीवर गजर लावला, शेगडीचं बटण किंचित फिरवलं आणि हाताची घडी घालून उभे राहिले. ताई ओट्यापाशी वाट बघत होती. वास माझ्या नाकात शिरला. गजर ढिम्म. मी भावोजींकडे पाहिलं. त्यांनी डोळे बारीक केले, पुढे झाले, आणि गजर केसभर तिरका होता तो बोटानं सरळ केला.

"अहो, करा ना सुरू," ताई म्हणाली. "किती वेळ उभी राहू? तोवर दूध तरी तापवते." आणि तिनं लायटर उचलला.

मी झडप घालून तिचा हात धरला. दुसऱ्या हातानं बटण बंद केलं.

ताईनं माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "म्हणजे मघापासून गॅस सुटलाय? तुम्हाला वास येत होता?"

"येत होता," भावोजी खाली बघत म्हणाले. "पण गजर... आत्ता वाजेल असं वाटलं."

ताईनं लायटर ओट्यावर ठेवला. "माझं नाक गेलंय हो," ती म्हणाली. "तुमचं तर शाबूत आहे ना?"