जिन्यावरचा अर्धा तास

माझा दादा रफूगार आहे. कोटाला पडलेलं भोक तो असं बुजवतो की मालकालाही पुन्हा सापडत नाही. त्याच्या बोटांना एकेक धागा कळतो, आणि कानही तितकेच तिखट. तो ऑटिस्टिक आहे. कॉलरचं लेबल त्याला काट्यासारखं टोचतं, मिक्सर सुरू झाला की तो घराबाहेर पळतो. लोक त्याला ‘नाजूकराव’ म्हणतात. म्हणोत बापडे.

दर रविवारी बरोबर चारला तो माझ्याकडे येतो. बेल वाजली की मी मिक्सर थांबवते, टीव्ही बंद करते, मुलांना दटावते, ‘मामा आलाय, चूप बसा.’ भावाला एवढं जपणारी बहीण म्हणून माझा तोराही होता.

परवाच्या रविवारी साडेतीनला साखर आणायला निघाले, तर दादा दाराबाहेर पायरीवर बसलेला. भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. आत मुलं एकमेकांच्या उरावर बसून खिदळत होती. मी दार ओढून घेतलं.

‘अरे, आत का नाही आलास?’

‘दर वेळी अर्धा तास आधीच येतो मी,’ तो म्हणाला. ‘दार बंद असलं की आवाज सोसवतो. धाकटीला हसताना मध्येच उचकी लागते, ठाऊक आहे तुला?’

मला ठाऊक नव्हतं. त्याचाच राग आला.

‘मग चारला बेल तरी कशाला वाजवतोस?’

‘तुम्हाला बघायचं असतं ना,’ तो म्हणाला. ‘पण बेल दाबली की तुम्ही सगळे बंद पडता.’